वर्ड फाईल पाठवली आणि जुन्या क्लायंटचा रेट नव्या क्लायंटला दिसला

शब्दहमाल:

नमस्कार मंडळी, जरा लाज वाटतेय पण विचारतेच. मी घरून इंग्रजी-मराठी अनुवादाची कामं करते, माहितीपत्रकं, बचतगटांच्या पुस्तिका, कधीमधी एखाद्या ॲपमधला मजकूर असं. मागच्या आठवड्यात एका नव्या संस्थेने कोटेशन आणि चार पानांचा नमुना मागितला. मी नेहमीचंच केलं, आधीच्या एका क्लायंटला पाठवलेलं कोटेशन उघडलं, नाव बदललं, तारीख बदलली, रेट बदलला, सेव्ह ॲज मारलं आणि मेल करून मोकळी झाले. तासाभरात तिकडून उत्तर, तेही अगदी गोड भाषेत, "मॅडम, आधीच्या संस्थेला शब्दाला १ रुपया २० पैसे आणि आम्हाला २ रुपये, असं का?" सोबत स्क्रीनशॉट. त्यात जुन्या संस्थेचं नाव लाल रंगात खोडलेलं, पुढे यांचं नाव, रेटचंही तसंच, आणि कडेला माझीच एक कमेंट, "हे लोक घासाघीस करतात, आधीच जास्त सांगावे". ही कमेंट मी दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहून ठेवलेली, मलाच आठवत नव्हती. हात थंड पडले माझे.

माझ्या स्क्रीनवर यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. आत्ता परत उघडून बघितलं, स्वच्छ पांढरं पान.

दुसरं दुखणं नमुन्याचं. चार पानांचा मजकूर त्यांच्याकडे साडेपाच पानं झाला, टेबल पानाबाहेर गेलं, आणि मुख्य म्हणजे "शेतकऱ्यांना" सगळीकडे "शेतकर्यांना" दिसतंय असं त्यांचं म्हणणं. मी तर बरोबरच टाईप केलंय हो. त्यांना वाटलं बाईला शुद्धलेखन येत नाही.

पीडीएफ पाठवा म्हणाल तर कोटेशनला चालेल, पण अनुवाद त्यांना वर्डमध्येच हवा असतो, त्यांचा माणूस त्यात बदल करतो. तर फाईल पाठवण्याआधी नक्की काय काय बघायचं? आणि समोरच्याला ती कशी दिसेल हे आधी कळायचा काही मार्ग आहे का?

---

बिनसाखरेचा_चहा:

ताई, आधी पाणी प्या. हे सगळ्यांचं होतं, फक्त कुणी सांगत नाही.

तुमच्या फाईलमध्ये ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय, चालू होतं. रिव्ह्यू टॅबमध्ये एक छोटी यादी असते, ऑल मार्कअप, सिंपल मार्कअप, नो मार्कअप वगैरे. तुमच्याकडे नो मार्कअप असणार. त्याने बदल जात नाहीत, फक्त त्यांच्यावर पडदा पडतो, फाईलमध्ये खोडलेलं आणि नवं दोन्ही तसंच बसलेलं असतं. वर्ड २०१३ पासून तर सिंपल मार्कअप हेच आपोआप येतं, त्यात फक्त समासात एक बारीक लाल रेघ दिसते, ती कोण बघतंय. समोरच्याने ऑल मार्कअप लावलं की तुमची सगळी घासाघीस उघडी.

ऑल मार्कअप लावा, सगळं नीट वाचा, मग ॲक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग. कमेंट वेगळ्या असतात, त्या ॲक्सेप्ट केल्याने जात नाहीत, डिलीट ऑल कमेंट्स इन डॉक्युमेंट वेगळं मारायचं.

त्यानंतर फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. हे कायम कॉपीवर करा, कारण तिथे काढलेलं परत येत नाही. तो कमेंट, लपवलेला मजकूर, लेखकाचं नाव सगळं शोधतो आणि प्रत्येकापुढे रिमूव्ह ऑल असं बटण देतो. पण घाईघाईत सगळी बटणं दाबू नका!! त्याच यादीत हेडर, फूटर आणि वॉटरमार्क पण असतं, ते दाबलंत की लेटरहेड गायब. आणि लेखकाचं नाव काढलं की त्या फाईलमध्ये पुढे कुणीही ट्रॅक चेंजेस केले तरी नावाऐवजी नुसतं ऑथर ऑथर ऑथर दिसतं, म्हणजे तीन जण तपासत असतील तर कोणी काय बदललं कळतच नाही. आमच्या ऑफिसात यावरून एकदा दोन दिवस भांडण चाललं होतं.

अजून एक, ऑप्शन्समध्ये ट्रस्ट सेंटर, त्यात प्रायव्हसी ऑप्शन्स. ट्रॅक चेंजेस किंवा कमेंट असलेली फाईल प्रिंट, सेव्ह किंवा सेंड करताना इशारा द्या अशा अर्थाची एक टिकमार्क आहे. ती लावून ठेवा. दर वेळी कटकट करेल, करू दे.

---

झिपवाला:

वरच्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर, मी थोडं आतलं दाखवतो म्हणजे पटेल. तुमच्या डॉकएक्स फाईलची एक कॉपी करा, नावाच्या शेवटी डॉकएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. होय, उघडते, कारण २००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाईल म्हणजे एक झिपच आहे, आत फोल्डर आणि साध्या मजकुराच्या फाइली. त्यात डॉकप्रॉप्स नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या कोअर या फाईलमध्ये फाईल मुळात कोणी बनवली, शेवटी कोणी सेव्ह केली, कितव्यांदा सेव्ह झाली ते लिहिलेलं असतं, आणि ॲप नावाच्या फाईलमध्ये कंपनीचं नाव आणि एकूण किती मिनिटं ती फाईल उघडी ठेवून काम केलं ते. तासावर बिल लावणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघून घ्यावा :) तुम्ही सोळा तास लावलेत आणि फाईल म्हणते ४७ मिनिटं. (फाईल कॉपी-पेस्ट करून बनवली असेल तर तो आकडा खोटाच असतो, पण हे क्लायंटला कोण समजावणार.)

वर्ड फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर बघा. तुम्ही टाकलेले सगळे फोटो तिथे जसेच्या तसे सापडतील. इथे खरी गंमत आहे. फोटो वर्डमध्ये क्रॉप केला की कापलेला भाग आपल्याला दिसत नाही, पण तो फाईलमध्येच राहतो. आमच्या ओळखीतल्या एकाने आधार कार्डाचा फोटो टाकून नंबर दिसू नये म्हणून खालचा भाग क्रॉप केला आणि अर्ज पाठवून दिला. समोरच्याने फोटोवर क्लिक करून रीसेट केलं, अख्खं कार्ड हजर. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये डिलीट क्रॉप्ड एरियाज असतं ते करावं लागतं, नाहीतर सरळ फोनवर कापूनच वर्डमध्ये आणायचा. एक्सेलचा चार्ट पेस्ट करताना पण तेच, कधीकधी चार्टच्या मागे अख्खी शीट येते, सगळ्यांच्या पगारासकट. पिक्चर म्हणून पेस्ट करा.

आणि ताई, तुम्ही एकट्या नाही, मोठमोठे लोक यात सापडलेत. २००४ साली एससीओ नावाच्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने डेमलरक्रायस्लर या गाड्यांच्या कंपनीवर दावा लावला, त्या दाव्याची वर्ड फाईल पत्रकारांच्या हाती लागली तर आतून निघालं की आधी प्रतिवादी म्हणून बँक ऑफ अमेरिकेचं नाव होतं. म्हणजे वकिलांनीही तुमच्यासारखंच जुनं नाव खोडून नवं टाकलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २००३ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकवरचा अहवाल वर्ड फाईल म्हणूनच वेबसाइटवर ठेवला. आधीच त्यातला बराच भाग एका संशोधकाच्या लेखातून उचललेला निघाला, आणि वर त्या जुन्या डॉक फॉरमॅटमध्ये शेवटच्या दहा वेळा फाईल कोणी आणि कुठल्या नावाने सेव्ह केली त्याची यादी राहून गेली होती. त्यावरून ती कोणाकोणाच्या हातून गेली ते जगाने वाचलं. अमेरिकेत विचिटा शहरातला बीटीके नावाने ओळखला जाणारा खुनी २००५ मध्ये पकडला गेला तो पण असाच, त्याने एका टीव्ही वाहिनीला फ्लॉपी पाठवली, ती पोलिसांकडे गेली, तिच्यावर डिलीट केलेली एक वर्ड फाईल होती आणि तिच्या माहितीत चर्चचं नाव आणि डेनिस एवढं लिहिलेलं. तीस वर्षं सापडत नव्हता.

---

डीटीपी_काका:

झिपवाल्याने खुनी पण आणला धाग्यात, वा. मी आपला फॉन्टवर बोलतो, २२ वर्षं छपाईच्या धंद्यात घासतोय.

ताई, तुम्ही पाठवता ती फाईल, फॉन्ट नाही. फाईलमध्ये फक्त फॉन्टचं नाव असतं. समोरच्याच्या मशिनवर त्या नावाचा फॉन्ट नसेल तर तिथलं सॉफ्टवेअर हाताला लागेल तो मराठी फॉन्ट लावतं. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, लिनक्सवर लोहित नाहीतर नोटो. आता मंगलच्या दोन ओळींत केवढी जागा जाते ते सगळ्यांना माहितेय, त्यात बसवलेली चार पानं दुसऱ्या फॉन्टमध्ये तीन होतात किंवा उलटं साडेपाच होतात. टेबल त्याच कारणाने हलतं. शिवाय तुम्ही पान बदलायला एंटर एंटर एंटर मारत असाल (सगळे मारतात, नाही म्हणू नका) तर ओळ एक जरी वाढली तरी खालचं सगळं घसरतं. पेज ब्रेक टाका, कंट्रोल एंटर.

उपाय म्हणजे फुकट मिळणारा आणि सगळीकडे चालणारा फॉन्ट धरून ठेवा, मुक्ता, नोटो, आयआयटी मुंबईचा शोभिका, काहीही, आणि क्लायंटला सांगा हा टाकून घ्या. नाहीतर ऑप्शन्स, सेव्हमध्ये एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल टिक करा, फॉन्ट फाईलबरोबरच जातो. त्याखाली फक्त वापरलेली अक्षरं एम्बेड करा असा एक पर्याय आहे तो लावू नका, नाहीतर त्यांचा माणूस नवीन शब्द टाईप करायला गेला की अडकेल. फोनवर आणि गुगल डॉक्समध्ये मात्र या एम्बेडवर भरवसा ठेवू नका.

अजून एक छळ. वर्डमध्ये मराठीचा फॉन्ट आणि इंग्रजीचा फॉन्ट हे दोन वेगळे कप्पे असतात, साईझ पण वेगळी. म्हणून कधीकधी मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट बदलला तरी मराठी ढिम्म हलत नाही. तेव्हा कंट्रोल डी दाबा, फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा रकाना दिसेल, तिथे बदला.

आता "शेतकऱ्यांना". हा तुमचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. अर्धा र, जो डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिपी साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. काही कीबोर्ड पहिला देतात काही दुसरा, दिसायला एकसारखं. पण दुसऱ्या प्रकारातलं ते न दिसणारं चिन्ह वाटेत कुठेतरी गळलं, म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरने फालतू समजून काढून टाकलं, की राहतं र, हलन्त, य, आणि त्याचा होतो रफार. तुमचे शेतकरी तिथे रफारात गेले. आमच्याकडे लग्नाच्या हिशोबाच्या कागदावर "आचाऱ्यांना मानधन" चं "आचार्यांना मानधन" झालं होतं, वाचणाऱ्याला वाटलं कुणी शंकराचार्य बोलावले की काय. दऱ्या आणि दर्या हे तर नेहमीचं. तेव्हा टिंबवाला ऱ वापरा, तो गळत नाही. जुन्या फाइलीत फाइंड रिप्लेसने बदलून घ्या, आणि हे लक्षात ठेवा की एका प्रकाराने शोधलं तर दुसऱ्या प्रकारचे शब्द सापडत नाहीत.

आणि कोणी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली फाईल पाठवली तर हात लावायच्या आधी पैसे वाढवून मागा. त्यात मुळात मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालतो. फॉन्ट नसेल तर नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टर आहेत, पण त्या फॉन्टांत टाईपरायटरसारखी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, रफाराचीही जागा वेगळी, त्यामुळे कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासावेच लागतात. दोनशे पानी स्मरणिकेत मी हे केलंय, चष्म्याचा नंबर वाढला.

---

शब्दहमाल:

काका, ऱ चं कोडं सुटलं, खरंच मनापासून आभार! माझा फोनचा कीबोर्ड एक प्रकार देतो आणि लॅपटॉपचा दुसरा, म्हणून माझ्याच फाईलमध्ये शोधलं की अर्धेच शेतकरी सापडायचे, मला वाटायचं वर्ड बिघडलंय.

झिप करून बघितलं. लेखकाच्या जागी माझं नावच नाही. ज्या दुकानातून सेकंड हँड लॅपटॉप घेतला त्या दुकानाचं नाव आहे, मालकाच्या फोन नंबरसकट. म्हणजे चार वर्षं मी पाठवलेल्या प्रत्येक अनुवादाचे लेखक ते आहेत. कोणी त्यांना फोन करून काम दिलं नसेल म्हणजे मिळवलं.

एक शंका, हे सगळं टाळायला गुगल डॉक्सची लिंकच पाठवली तर? फॉन्टचं पण टेन्शन नाही.

---

रातराणी_पुणे:

दुकानवाल्याला रॉयल्टी द्या आता :D फाईल, ऑप्शन्स, जनरलमध्ये युजरनेम आहे तिथे तुमचं नाव टाका. जुन्या फाइलींत बदलणार नाही, नव्यांत येईल.

गुगल डॉक्सने फॉन्टचा प्रश्न बराचसा सुटतो कारण दोघं तेच पान ब्राउझरमध्ये बघता. पण प्रायव्हसीचं म्हणाल तर आगीतून फुफाट्यात. ज्याला एडिटचा हक्क दिला त्याला व्हर्जन हिस्टरी दिसते, म्हणजे पहिल्या शब्दापासून तुम्ही काय लिहिलंत काय खोडलंत सगळं, वेळेसकट. जुन्याच डॉकमध्ये नाव बदलून लिंक दिलीत तर मागचाच प्रकार परत होणार, या वेळी जास्त तपशिलात. मेक अ कॉपी करायचं, त्यात हिस्टरी येत नाही, आणि कॉपी करताना कमेंटपण घ्या अशी टिक असते ती लावलेली नाही ना ते बघायचं. आणि "लिंक असलेला कोणीही" हे कधी ठेवू नका, ती लिंक व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठे जाते.

पीडीएफलाही सोवळं समजू नका. वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये टायटल म्हणून एक रकाना असतो, तो सेव्ह ॲज करून बदलत नाही, आणि पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की बऱ्याचदा वरच्या टॅबवर तेच टायटल दिसतं. फाईलचं नाव नव्या क्लायंटचं आणि टॅबवर जुन्याचं, असं मी स्वतः केलंय. मजकूर झाकायला त्यावर काळी पट्टी ओढणं तर विसराच. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात तशी पीडीएफ दिली, पत्रकारांनी पट्टीवरून सिलेक्ट करून कॉपी केलं आणि दुसरीकडे पेस्ट केलं, संपलं. झाकायचं असेल तर मजकूर आधी वर्डमधूनच काढा, मग पीडीएफ करा. आणि मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर जोडाक्षरांची वाट लागते, म्हणून तुमचा क्लायंट वर्ड मागतो ते त्याच्या जागी बरोबर आहे.

समोरच्याला कसं दिसेल ते बघायचं तर दुसऱ्याच्या मशिनवर उघडा. मी लिबरऑफिस टाकून ठेवलंय, वर्डसारखंच पण फुकट आहे, पाठवायच्या आधी एकदा त्यात आणि एकदा फोनवर उघडते. दोन्हीकडे बरं दिसलं की मग मेल. तिसरीकडे बिघडेल तेव्हा बघू.

---

कोरा_कागद:

सगळं वाचलं. मला विचाराल तर एवढी झाडलोट करण्यापेक्षा कोटेशनची एक कोरी फाईल बनवा, नाव रिकामं, रेट रिकामा, टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा आणि दर वेळी त्यातून नवीन काढा. जुन्या क्लायंटची फाईल नव्या क्लायंटसाठी उघडायचीच नाही. आपण लग्नपत्रिका पण दुसऱ्याच्या पत्रिकेवर नावं खोडून देत नाही.

रेटचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षांपूर्वीचा रेट होता म्हणून सांगा, खरंच तसंच आहे ना. कमेंटबद्दल त्यांनी काही विचारलं का?

---

शब्दहमाल:

विचारलं ना! म्हणाले "आम्ही घासाघीस करत नाही मॅडम" आणि पुढच्याच ओळीत १ रुपया ७५ पैसे म्हणाले. मी हो म्हटलं, तोंड कुठे होतं नाही म्हणायला.

काल रात्री बसून कोरी टेम्प्लेट केली. युजरनेम बदललं, मुक्ता फॉन्ट लावला, एम्बेड केला, ऱ सगळे टिंबवाले केले, पेज ब्रेक टाकले, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवलं, शेवटी भाच्याच्या लिनक्सवर उघडून बघितलं. बरोबर चार पानं, टेबल जागेवर, शेतकरी सुखरूप. आज सकाळी पाठवली. आत्ता उत्तर आलंय, "मॅडम, फाईल उत्तम उघडली. फक्त तुमचं लेटरहेड दिसत नाहीये."

---

बिनसाखरेचा_चहा:

रिमूव्ह ऑल सगळीकडे दाबलंत ना?

---

शब्दहमाल:

हो :(